स्कॉट्सडेल, गिल्बर्ट की बकआय? फिनिक्समध्ये घर घेताना गावाच्या नावाआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिअ‍ॅटलहून फिनिक्सला यायचं ठरलंय. मिस्टरांची नोकरी उत्तर फिनिक्समधल्या टीएसएमसीच्या चिप कारखान्यात, तुमचं काम घरून, मुलगी यंदा आठवीत, सासूबाई वर्षातले पाच-सहा महिने तुमच्याकडे. स्कॉट्सडेल सगळ्यात पॉश असं कानावर आलंय, ओळखीचे बरेच जण चँडलर-गिल्बर्टला आहेत, आणि बकआयमध्ये त्याच पैशात दीडपट मोठं घर मिळतंय. तर सगळ्यात श्रीमंत आणि राहायला सगळ्यात चांगलं उपनगर कोणतं, आणि दहा वर्षांनी विकायला काढलं तर भाव कुठे टिकेल?

मी २००३ पासून या व्हॅलीत, म्हणजे फिनिक्स परिसरात, घरं दाखवते. तुमच्यासारखा प्रश्न दर महिन्याला एखादं कुटुंब विचारतंच, आणि प्रत्येक वेळी मला आधी प्रश्नच सोडवून घ्यावा लागतो. श्रीमंत गाव, चांगलं गाव आणि भाव टिकणारं गाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तिन्ही एकाच पत्त्यावर क्वचितच भेटतात.

श्रीमंतीचंच घ्या. जनगणना खात्याच्या आकड्यांत कुटुंबाचं मध्यक उत्पन्न बघितलं तर गिल्बर्ट स्कॉट्सडेलच्या पुढे आहे. घरांच्या किमती बघितल्या तर स्कॉट्सडेल गिल्बर्टच्या बरंच पुढे. दोन्ही खरं. गिल्बर्टमध्ये पस्तिशी-चाळिशीतली, नवरा-बायको दोघंही कमावणारी, पदरात मुलं आणि डोक्यावर गृहकर्ज असलेली कुटुंबं जास्त. स्कॉट्सडेलच्या रहिवाशांचं मध्यक वय पन्नाशीच्या जवळ गेलंय. शिकागोचं किंवा मिनिआपोलिसचं घर विकून, इथे रोखीने घर घेणारे निवृत्त लोक तिथे भरपूर. त्यांचा पगार आकड्यांत दिसत नाही, कारण पगार थांबलाय. आहे ते शेअर्समध्ये आणि भिंतींमध्ये. म्हणजे एक गाव कमावणाऱ्यांचं आणि दुसरं कमावून झालेल्यांचं. तुमच्या मुलीला संध्याकाळी सायकल घेऊन बाहेर पडल्यावर कोण भेटणार, हे या फरकावर ठरतं. गावाच्या नावलौकिकाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

निव्वळ श्रीमंती हवी असेल तर उत्तर सोपं आहे: पॅरडाइस व्हॅली. कॅमलबॅक आणि ममी या दोन डोंगरांच्या कुशीतलं छोटं नगर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२,६५८. फिनिक्स आणि स्कॉट्सडेल दोघंही आपल्याला गिळतील या धास्तीने रहिवाशांनी १९६१ मध्ये स्वतंत्र नगर केलं आणि एकरभराच्या आत प्लॉट नाही हा नियम धरून ठेवला. दुकानं जवळजवळ नाहीतच. बड्या रिसॉर्ट्सकडून येणाऱ्या करावर नगराचा गाडा चालतो, घरमालकांवर नगराचा स्वतःचा मालमत्ता कर नाही. रात्री गेलात तर रस्ते अंधारे, कारण रहिवाशांना तसेच हवेत. सुंदर आहे, पण तुमचं बजेट त्याच्या आसपास नाही आणि तुमच्या गरजाही नाहीत, म्हणून तिथे थांबत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: जाहिरातीत ‘पॅरडाइस व्हॅली’ दिसलं म्हणजे हे नगरच असं नाही. फिनिक्स शहराच्या एका भागाचं नाव पॅरडाइस व्हॅली, आणि एका शाळा-जिल्ह्याचंही (पत्त्यावरून मुलांची सरकारी शाळा ठरते ते क्षेत्र) तेच. तो शाळा-जिल्हा तुमच्या उपयोगाचा आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आता स्कॉट्सडेल. हे गाव उत्तर-दक्षिण साधारण ३१ मैल लांब आहे आणि रुंदीला चिंचोळं. पूर्वेला पिमा-मारिकोपा आदिवासींची जमीन आणि मॅकडॉवेलचे डोंगर, त्यामुळे वाढलं ते उभंच वाढलं. दक्षिण टोकाला १९५०-६० च्या दशकांतली बैठी, साधी घरं. उत्तरेला डोंगरपायथ्याशी फाटकाआडच्या गोल्फ-वसाहतींतली घरं. मधल्या पट्ट्यात सगळंच. एका गावात तीन शाळा-जिल्हे: स्कॉट्सडेल, पॅरडाइस व्हॅली आणि केव्ह क्रीक. त्यामुळे “आम्ही स्कॉट्सडेलला घर घेतलं” या वाक्यातून मला काहीच कळत नाही. पुण्यात “आम्ही हडपसरला राहतो” म्हटल्यावर मगरपट्टा की फुरसुंगीच्या बाजूला, असं आपण विचारतोच ना, तसंच. गिल्बर्टचंही हेच आहे. त्याच्या काही भागातली मुलं चँडलरच्या शाळा-जिल्ह्यात जातात, काही हिग्लीच्या, काही गिल्बर्टच्या. गाव न विचारता घरक्रमांक घालून शाळा तपासा.

आता मुख्य मुद्द्यावर येते. माझं माहेर श्रीरामपूरचं. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेला तो भाग. कालव्याच्या अलीकडची जमीन आणि पलीकडची जमीन यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे मी लहानपणापासून ऐकत आले. फिनिक्समध्ये आल्यावर मला वाटलं, इथे सगळं वाळवंटच, सगळ्यांच्या नळाला सारखंच पाणी. साफ चूक होती ती.

इथेही कालव्याची रेघ आहे. अ‍ॅरिझोना कॅनॉल नावाचा जुना कालवा १८८५ मध्ये पूर्ण झाला. १९०३ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी तारण ठेवून सॉल्ट नदीवर धरण बांधायला केंद्र सरकारकडून कर्ज उचललं. त्यातून १९११ मध्ये रूझवेल्ट धरण उभं राहिलं. ज्यांनी जमिनी तारण ठेवल्या त्या जमिनींना नदीच्या पाण्याचा हक्क मिळाला, आणि तो हक्क माणसाला नाही, जमिनीला चिकटलेला आहे. शेत गेलं, घरं आली, हक्क राहिला. जुनं फिनिक्स, टेंपी, मेसा, चँडलरचा आणि गिल्बर्टचा बराच भाग या पट्ट्यात येतो. कालव्याच्या उत्तरेला, म्हणजे उत्तर स्कॉट्सडेलसारख्या सगळ्यात महागड्या भागाला, हा हक्क नाही. तिथली मोठी भिस्त कोलोरॅडो नदीवर: ३३६ मैलांचा सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टचा कालवा ते पाणी वाळवंटातून उपसून आणतो. आणि कोलोरॅडोच्या वाटेकऱ्यांत या कालव्याचा नंबर मागचा आहे. १९६८ च्या कायद्यात तसं मान्य करूनच तो बांधला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नदीवर पहिल्यांदाच तुटवडा जाहीर झाला तेव्हा कात्री आधी इथे लागली.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. स्कॉट्सडेलसारख्या पालिकांनी जमिनीत पाणी साठवलंय, सांडपाणी शुद्ध करून वापरतात, उद्या नळ कोरडा पडेल असं काही नाही. पण “भाव कुठे टिकेल” असं विचारलंत, म्हणून सांगते: माझ्या हिशेबात पाण्याचा हक्क पहिला, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट सगळ्यात शेवटी.

या हक्काचं रूप जवळून बघायचं असेल तर उन्हाळ्यात एखाद्या रात्री आर्केडियाला चला. कॅमलबॅकच्या दक्षिण पायथ्याशी, फिनिक्स शहराच्याच हद्दीत, पूर्वी संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या बागा होत्या. बागा तोडून घरं झाली, पण प्रत्येक आवारात चार-दोन जुनी झाडं राहिली आणि आवाराला बांध राहिले. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाण्याची पाळी येते, आणि ती रात्री दोनची असेल तर दोनची. लाखो डॉलरच्या घरातला माणूस गमबूट घालून, डोक्याला बॅटरी बांधून, आवाराच्या कोपऱ्यातला लोखंडी व्हॉल्व फिरवत उभा असतो. हिरवळीवर वीतभर पाणी चढतं, बांधाला लागतं, मग तो व्हॉल्व बंद करतो आणि पाणी शेजाऱ्याकडे जातं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अहो, हे तर दारं धरतायत!” वडील उसाला रात्री दारं धरायचे, अगदी तसंच. आर्केडियातल्या रस्त्यावर गाडीतून उतरलात की हवा काही अंशांनी गार लागते, ती त्या झाडांमुळे. त्या गारव्याला इथे जो भाव मिळतो तो कुठल्याही नव्या क्लबहाऊसला मिळत नाही.

आता याच्या उलट टोक. स्कॉट्सडेलच्या ईशान्येला रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. टपालाचा पत्ता अनेकांचा ‘स्कॉट्सडेल’, पण वस्ती पालिकेच्या हद्दीबाहेर. जमिनीचे पाचपर्यंत तुकडे केले तर शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागत नाही, या फटीतून तिथली घरं उभी राहिली. शेकडो घरांना टँकरने पाणी यायचं, आणि टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळावर. १ जानेवारी २०२३ ला पालिकेने तो नळ बंद केला. देखणी घरं, अंगणातून डोंगराचा नजारा, आणि लोक भांडी धुवायची टाळून कागदी ताटल्यांत जेवायला लागले. पुढे तात्पुरती सोय झाली, पण त्या वर्षी तिथे घर विकायला काढलेल्यांचे चेहरे मी बघितलेत. म्हणून पत्त्यावरचं गाव आणि खरी हद्द जुळते का, आणि पाणी कोण देतं, हे कागदावर बघितल्याशिवाय मी कुणाला ऑफर लिहू देत नाही.

बकआयचा प्रश्न याच धाग्यातला. अ‍ॅरिझोनात १९८० पासून भूजलाचा कायदा आहे, आणि फिनिक्सच्या परिसरात नवा प्रकल्प बांधायचा तर शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. जून २०२३ मध्ये राज्याने भूजलाचा हिशेब मांडून सांगितलं की शंभर वर्षांच्या गरजेला सुमारे ४ टक्के पाणी कमी पडतंय, त्यामुळे केवळ उपशाच्या पाण्यावर नव्या वसाहतींना मंजुरी नाही. याचा सगळ्यात मोठा फटका पश्चिमेला बकआय आणि आग्नेयेला क्वीन क्रीक या दोन गावांना. आधी मंजूर झालेल्या वसाहतींना धोका नाही, व्हेराडोसारख्या बकआयमधल्या वसाहती नेटक्या आहेत, आणि लूप ३०३ महामार्गाने कारखाना सरळ पडतो हेही मान्य. पण त्या बाजूला घर घेतलंत तर आजूबाजूचं कधी भरेल, कसं भरेल, हे पाण्यावर अवलंबून आहे. वाटेत ल्यूक हवाई तळावरून एफ-३५ विमानं उडतात, तुम्ही घरून काम करणार, तेव्हा एक अख्खा कामाचा दिवस त्या परिसरात बसून काढा.

काठावरच्या गावांबद्दल माझा हात आखडता असण्याचं दुसरं कारण २००६ ते २०११. त्या पाच वर्षांत फिनिक्स परिसरातल्या घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. सगळीकडेच आल्या, पण सारख्या नाही. “बँक जेवढं कर्ज देईल तेवढं लांब जा” या हिशेबाने काठावर घरं घेतलेले लोक आधी बुडाले. २००९ मध्ये क्वीन क्रीकच्या एका गल्लीत मी बँकेच्या ताब्यातली घरं दाखवत होते. मागच्या अंगणातले पोहण्याचे तलाव हिरवेगार झालेले, डासांचा थवा, आणि भिंतीवर लहान मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच. आर्केडिया, टेंपीचा जुना भाग, चँडलरचा मधला भाग इथेही भाव पडले, पण घेणारे परत आधी इथेच आले. पंधरा मिनिटांवर चार प्रकारच्या नोकऱ्या असलेलं गाव आणि एकाच रस्त्याच्या टोकाला लोंबकळणारं गाव, यांतला फरक वाईट दिवसांतच कळतो.

चँडलर का टिकतं, हेही त्यातच आलं. इंटेल तिथे १९८० पासून आहे, तिचा ऑकोटियो नावाचा मोठा कारखाना तिथेच, आणि आता प्राइस रस्त्याच्या दुतर्फा बँका, सॉफ्टवेअर कंपन्या. गिल्बर्टची गोष्ट वेगळी. एके काळी जगभराला वैरण पुरवणारं गाव म्हणून ते मिरवायचं. १९८० मध्ये ५,७१७ माणसं, २०२० मध्ये २,६७,९१८. म्हणजे बहुतेक घरं एकाच पिढीतली, एकाच साच्याची, आणि कौलांखालचा कागद, एसीची यंत्रं, हे सगळं आता एकदमच बदलायला आलेलं. पंचवीस वर्षांचं घर बघाल तर कौलं चांगली दिसली म्हणून फसू नका. कौलं टिकतात, खालचा कागद उन्हाने पापडासारखा होतो. नवं छप्पर आणि दोन एसी मिळून आकडा मोठा होतो, तो किमतीतून वळता करून घ्या.

टेंपी विद्यापीठाचं गाव, भाड्याने द्यायला उत्तम, तुमच्या मुलीच्या वयाला थोडं गजबजलेलं. मेसा फार मोठं आणि फार मिश्र. सन सिटी १९६० पासून पंचावन्न वर्षांवरच्यांसाठी. सासूबाईंना आवडेल, पण तुम्हाला तिथे राहता येणार नाही.

आता दिशेबद्दल, कारण आपल्या लोकांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं यावर होतं. वास्तूच्या हिशेबाने सगळ्यांना पूर्वमुखी घर हवं असतं. इथल्या घरांची रचना अशी की दर्शनी बाजूला गॅरेज आणि एखादी खोली, आणि राहतं घर, म्हणजे बैठक, स्वयंपाकघर, मोठी सरकती काच आणि पडवी, मागच्या बाजूला. दार पूर्वेला म्हणजे पाठ पश्चिमेला. गिल्बर्टमधलं असं एक घर एका जोडप्याला फार आवडलं होतं. मी त्यांना म्हटलं, जुलैत पाच वाजता परत जाऊ. गेलो. बाईंनी मागच्या काचेच्या दाराची कडी धरली आणि चटका बसून हात झटकला. आत दोन्ही एसी चालू असूनही स्वयंपाकघराची फरशी पावलांना कोमट लागत होती. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या ४३ च्या वर. अशा महिन्यात पश्चिमेची काच म्हणजे घरात लावलेली शेगडी.

उत्तरमुखी घर घ्या. वास्तूलाही चालतं आणि उन्हालाही. पाठ दक्षिणेला येते. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने पडवीचं छप्पर त्याला अडवतं, आणि डिसेंबरमध्ये तोच सूर्य खाली उतरून बैठकीत येतो. सासूबाई हिवाळ्यात असतील तर सकाळी त्यांच्या पायांवर ऊन पडेल. याला विकतानाही भाव मिळतो. इथले जुने लोक उत्तर-दक्षिण घर शोधतच येतात.

“आपले लोक कुठे जास्त आहेत, तिथलंच दाखवा” असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याचं उत्तर मी देणार नाही, आणि मनापासून देणार नाही. १९६८ च्या घरहक्क कायद्याप्रमाणे वंश, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवणं घरं विकणाऱ्यासाठी बेकायदेशीर आहे, आणि तो कायदा ज्यांच्यासाठी झाला त्यांचे हाल वाचल्यावर मला तो योग्यच वाटतो. अंतरं मात्र सांगू शकते. महागणपती मंदिर दक्षिणेला मारिकोपा गावाजवळ आहे. कारखान्याच्या बाजूने निघालात तर तासाच्या वर लागेल. कारखाना ते दक्षिण चँडलर चाळीस मैलांच्या वर, आणि मधे अख्खं शहर. गणपतीला वर्षातून पाच-सात वेळा ते अंतर काटणं सोपं. रोज दोनदा काटणारे मी बघितलेत, दीड-दोन वर्षांत घर बदलतात.

तेव्हा तुमच्यासाठी माझं उत्तर. गाव म्हणून फिनिक्सच निवडा: ईशान्य फिनिक्समधला डेझर्ट रिजच्या आसपासचा भाग, जो पॅरडाइस व्हॅली शाळा-जिल्ह्यात येतो. पत्ता स्कॉट्सडेलचा नसल्याने तेवढाच पैसा जास्त घर देतो, लूप १०१ आणि मग आय-१७ धरून कारखाना आवाक्यात, मेयो क्लिनिकचं रुग्णालय शेजारी, जे सासूबाईंच्या दृष्टीने मी वरच्या क्रमांकावर ठेवते. पाणी फिनिक्स महापालिकेचं. तिच्याकडे सॉल्ट नदी आणि कोलोरॅडो दोन्हींचा वाटा आहे. सॉल्टचं पाणी हक्काच्या जमिनीबाहेर कायद्याने नेता येत नाही, त्यामुळे या उत्तरेच्या भागाची मोठी भिस्त कोलोरॅडोवर आहे, हे लपवत नाही. पण मोठ्या पालिकेच्या हद्दीत असणं आणि टँकरवर असणं यांत फार अंतर आहे. दुसरी पसंती नॉर्टेरा किंवा पिओरियाचा उत्तर भाग: कारखाना आणखी जवळ, घरं नवी, शाळा मात्र एकेक करून तपासाव्या लागतील. मुलीची शाळा हाच सगळ्यात मोठा निकष असेल, तर इथे १९९४ पासून हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेतही जागा असेल तर प्रवेश मिळतो आणि चार्टर शाळाही (सरकारी पैशावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आहेत. फक्त स्कूलबस बहुतेक ठिकाणी नसते, सोडणं-आणणं तुमच्याकडे.

वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा कर नव्हता, इथे सरसकट २.५ टक्के आहे, तो बजेटमध्ये धरा. मालमत्ता कर मात्र हलका, आणि तो ज्या मूल्यावर आकारतात ते वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त वाढत नाही.

लगेच विकत घेऊ नका. मेपासून पुढे सहा महिन्यांसाठी त्याच भागात भाड्याने राहा. फेब्रुवारीत घर बघायला येणाऱ्याला इथलं प्रत्येक घर चांगलं वाटतं. जुलैत, संध्याकाळी पाच ते सहाच्या मध्ये, पसंत पडलेल्या घराच्या मागे जाऊन पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा, मीटर किती वेगाने फिरतोय ते बघा, आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मालकाकडून मागून घ्या. बिलं द्यायला कां-कूं करत असेल तर पुढचं घर बघू.